मागे कोणी उभं राहायचं नाही

कोणी मालाचं वजन सांगायला लागलं की काका हात वर करून थांबवायचे. "किलो नंतर. आधी लांबी बोल." मग स्वतःच टेप काढून मोजायचे, आणि तेही तीनदा. असा एखादा काळजीखोर तुमच्याही कामावर असेल. त्याची पाठ वळली की आपण नकला करतो. मीही करायचो.

चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्यात काका फोर्कलिफ्ट चालवायचे, मी खरेदी बघायचो. एकदा चाळींच्या दुरुस्तीसाठी लोखंडी चॅनेलचे गठ्ठे आले. एकेक गठ्ठा दोन टनांचा, आठ फूट लांब. आमचं मशीन बिघडलेलं, म्हणून मी भाड्याने तीन टनी मागवलं. दोनाला तीन, म्हणजे टनभर शिल्लकच, या हिशोबावर मी खूश होतो.

मशीन बघून काकांचा चेहरा उतरला.

"गेट सात फुटी. गठ्ठा आडवा जाणार नाय, लांबीत उचलायला लागणार. म्हणजे अर्धा माल पुढे लोंबणार. माल जेवढा पुढे, तेवढी मशीनची ताकद कमी. पाच टनी मागव."

रस्ता अडवून ट्रक उभा. हवालदार दोनदा येऊन गेला होता, मालकाचे फोन थांबत नव्हते. मशीन पुढे कलंडायला लागलं की मागे वजनाला दोन माणसं चढवायची, ही आमच्याकडची सर्रास चालणारी युक्ती. मी मागे चढलोच. "काका, उचला. मी उभा आहे ना."

"उतर खाली." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मी उतरलो. त्यांनी गठ्ठा जेमतेम वीतभर उचलला. "आता मागच्या चाकाखाली चलान घाल." मी वाकून कागद सरकवला. तो एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने अलगद बाहेर आला. चाक हवेत होतं.

गठ्ठा खाली ठेवून काकांनी मशीन बंद केलं. "माझो भाव आबा असोच मागे उभो रवललो," ते गावच्या मालवणीत म्हणाले. "माल घसारलो, मशीन मागे आदाळला. आबा चाकाखाली गेलो. मशीन माझ्याच हातात होता."

पाच टनी संध्याकाळी आलं. मालकाच्या शिव्या मी मुकाट्याने खाल्ल्या. नकला त्या दिवसापासून बंद झाल्या.

निवृत्तीनंतर काका लालबागला घरीच असायचे. हळूहळू त्यांना माणसं आठवेनाशी झाली. काकू फोन लावून द्यायच्या. "आज फार घाबरलेत रे, तूच बोल."

पलीकडून तोच बारीक आवाज यायचा. "आबा खाली उतारलो मां रे?"

पहिल्यांदा मी फोन परत काकूंकडे द्यायला सांगितला. नंतर मी लगेच सांगायला लागलो, "उतरला, काका. माझ्या बाजूलाच उभा आहे."

मग ते मोठा श्वास सोडायचे. गेल्या वर्षी ते गेले, त्याच्या आदल्या दिवशीही मी हेच सांगितलं होतं.