इंजिनाचा न सुकणारा पितळी रंग

मंडळी, आज डोकं खराब झालंय! आगर गावच्या जुन्या छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनाचं मॉडेल करतोय. त्याला परवा पितळी मेटॅलिक ॲक्रिलिक दिला, तो अजून चिकटच. हेअर ड्रायर फिरवला, तर सुरकुत्या पडल्या. मग तुमच्यातलेच एक दादा म्हणाले, जाड थर वरून सुकतो, आत ओलाच राहतो. अहो, हे आधी सांगायचं ना!

वैतागून रंग खरवडायला बसलो, तर बाबांनी येऊन बोट लावलं. बोट बरबटलं आणि हे चक्क खूश!

"खरवडतोस कशाला? मध्यभारत राज्य होतं तेव्हा ह्याच गाडीनं आजोळी जायचो. इंजिनाला हात लावला की तेल-काजळी असंच चिकटायचं. आई जाम ओरडायची."

आता बोट धुवायला तयार नाहीत.

सांगा, खरवडू की राहू देऊ?