चिमूटभर मोरचूद

ज्याच्या दारात द्राक्षबाग, त्याला जगातलं सगळं कळतं, असा राजुरीत एक समज आहे. आमच्या घरी तो नवऱ्याने फार जपलाय. ह्यांच्या अवसरीच्या मित्राने काचेच्या टाकीत क्रेफिश पाळला, म्हणून आमच्याकडेही आला. निळाशार, खेकड्यासारख्या नांग्या, झिंग्यासारखं अंग. टाकी मात्र मित्राच्या टाकीपेक्षा वीतभर मोठी.

ह्यांनी टाकीत पाणवनस्पती लावल्या, बागेसारख्या ओळीत. क्रेफिशने त्या मुळासकट उपटल्या. तिथे ह्यांचा उत्साह संपला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज धुवायचा, उकडलेला वाटाणा टाकायचा. लपायला मी त्याला पाइपचा तुकडा दिला आणि झाकणावर पाटा ठेवला, कारण तो सारखा पळायला बघायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "वयनी, रस्सा कधी?" मी हसायचे, पण माझा त्याच्यावर जीव जडला होता. मी समोर आले की तो नांग्या वर करून उभा राहायचा. या घरात माझ्यासाठी उठून उभा राहणारा तेवढाच एक.

उन्हाळ्यात टाकीत शेवाळ धरलं. मित्र बघायला येणार होता, म्हणून ह्यांनी बागेच्या फवारणीतल्या मोरचुदाचा डबा काढला.

"अहो, त्यात तांबं असतं. त्यानं मरतो तो. मी वाचलंय."

"शेततळ्यात टाकतोच की आपण. काय व्हतं का? तू पोळ्या बघ."

मी पोळ्या बघितल्या नाहीत. क्रेफिशने नुकतीच कात टाकली होती, अंग लोण्यासारखं मऊ. हे मोरचूद विरघळवत होते तेवढ्यात मी त्याला भांड्यात घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या बादलीत सोडलं. कात टाकीतच राहिली, नांग्या-मिशांसकट अख्खी.

चार दिवसांनी मित्र आला.

"बघ, चिमूटभर मोरचूद टाकलं अन् शेवाळ साफ! अन् आमचा गडी कसा ठणठणीत!" हे म्हणाले.

फिल्टरच्या पाण्याने कातीच्या मिशा हलत होत्या. नवरा सालपटाचं कौतुक करत होता आणि मी दारात उभी राहून मजा बघत होते.

"लई भारी, राव," मित्र म्हणाला. "घरी गेलो की मी बी टाकतो. आमच्या मादीनं पोटाला अंडी धरल्यात."

माझं हसू जिरलं. चारचौघांत नवऱ्याची शोभा करू नये, हे मला लग्नाआधीपासून शिकवलंय. ज्यांनी शिकवलं त्यांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला. आत जाऊन मी बादली आणली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. आमचा निळा नांग्या वर करून उभा.

"आं? मग टाकीत त्यो कोण?" मित्राने विचारलं.

"ती नुसती कात. हा त्या पाण्यात राहिला असता, तर मेला असता."

नवऱ्याने बादलीकडे बघितलं, मग टाकीकडे. "मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तुम्ही पोळ्या बघ म्हणालात."

मित्र माझ्याकडे वळला. "वयनी, मग शेवाळाचं काय करू?"

इतक्या वर्षांत कुठल्याच पाहुण्याने मला चहा सोडून काही विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. चहा ह्यांनी केला.