कुणाशी तरी जोडलेलं खातं

तो माणूस तानपुरा घ्यायला आलोय म्हणाला, पण त्यानं एकाही तानपुऱ्याला हात लावला नाही. मिरजेतल्या आमच्या दुकानात अब्बा तानपुऱ्याची जवारी लावत, तारांचा झंकार खुलवत बसले होते. त्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा पिता पिता तो माझ्याकडं वळला.

"तानपुऱ्याच्या ॲपवाल्या ताई तुम्हीच ना?"

ते ॲप मी आणि माझ्या मैत्रिणीनं केलेलं. अब्बांनी लावलेल्या तानपुऱ्यांचे सूर आम्ही दुकानातच रेकॉर्ड केले होते आणि बरेच गाणारे त्यावर रियाज करायचे. मैत्रीण लग्न होऊन पाटणला गेली, तरी आम्ही दोघी दोन गावांतून काम करत होतो. ॲप स्टोअरवरचं खातं माझ्या नावाचं. आत शिरायची परवानगी दोघींना.

पाहुण्यानं आवाज खाली आणला. "तुमचं खातं जुनं आहे, स्वच्छ आहे. आमची दोन-तीन ॲप्स त्यावरून टाकू. नाव तुमचं, काम आमचं. भाडं देऊ."

"कसली ॲप्स?"

"असतात साधी."

मी नाही म्हटलं. असं भाड्यानं खातं दिलेल्यांचं काय होतं ते मी वाचलं होतं. आत आलेला काहीतरी भलतंच टाकतो, स्टोअरवाले सगळं खातंच बंद करतात, आणि मग खात्याच्या मालकाला पुन्हा दारात उभं करत नाहीत. तो हसला. उठता उठता म्हणाला, "मैत्रिणीला विचारून बघा. पाटणच्या."

तो गेल्यावर अब्बा म्हणाले, "ह्याला तानपुरा नको होता." मला ते कळलंच होतं. मला टोचत होतं ते वेगळंच. ॲपवर तिचं नाव कुठंही नव्हतं. मग पाटण ह्याला कुणी सांगितलं?

मी तिला विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून खात्यात कोण कधी शिरलं ते बघायला लागले. तिनं दुपारी काही बदललं की वाटायचं, दुपारीच का? फोन उचलायला वेळ लागला की वाटायचं, कुणाशी बोलत होती?

मग एका सकाळी मेल आला. 'तुमचं खातं आधी बंद केलेल्या दुसऱ्या एका खात्याशी जोडलेलं आढळल्यानं बंद करण्यात आलं आहे.' कुठलं खातं, कुणाचं, काही नाही. विचारायला माणूस नाही, नंबर नाही. आमचं ॲप स्टोअरवरून नाहीसं झालं होतं.

मी पाटणला फोन लावला. "तू कुणाला आत घेतलंस का?"

ती म्हणाली, "फोनवर नको. इकडं ये."

तेवढ्यानं माझी खात्रीच झाली. कराडपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. वाटभर मी तिला काय काय बोलायचं ते जुळवत होते.

तिच्या घरी सोप्यात तिची सासू आणि धाकटा दीर बसले होते. माझ्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं. मैत्रिणीनं पाणी दिलं आणि दिराला म्हणाली, "सांगा आता तुम्हीच."

तो जमिनीकडं बघत बोलला. "आवं ताई, माझं पण एक खातं हुतं. शेतीच्या बाजारभावाचं ॲप टाकायला काढलेलं. एक माणूस आला, म्हणाला भाड्यानं द्या. त्यानं त्यावर कर्ज देणारं कसलंतरी ॲप टाकलं, लोकांचे फोन नंबर उचलणारं. माझं खातं बंद झालं. वैनीच्याच लॅपटॉपवरनं चालवत हुतो."

म्हणजे दुकानात आला तो हाच. मी विचारलं, "आणि हिचं नाव त्याला कुणी सांगितलं?"

"बोलता बोलता मीच बोललो. लय गोड बोलायचा वो."

म्हणजे एकाच लॅपटॉपवरून दिराचं खातं आणि आमचंही. स्टोअरला दोन्ही एकाच माणसाची वाटली. मी मैत्रिणीकडं वळले. "तुला कधी कळलं?"

"त्याचं बंद झालं तेव्हाच. आपल्यापर्यंत येईल असं वाटलं नाही गं."

हे खरं होतं का? तिला माझ्याइतकेच नियम माहीत होते. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मला काही ठरवता येईना.

अपील करायचं तर सगळं खरं लिहावं लागणार होतं, दिराच्या नावासकट. सासूबाई लगेच म्हणाल्या, "पोराचं नाव न्हाई घालायचं. उद्या पोलीस दारात आलं तर?"

मैत्रिणीनं तोच लॅपटॉप उघडायला घेतला, थांबली, आणि माझा मागून घेतला. सासूच्या समोर बसून तिनं सगळं लिहिलं: लॅपटॉप कुणाचा, तो कुणी वापरला, तिला काय ठाऊक होतं. ठाऊक असल्याचंही तिनं लिहिलं. मग दिराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "व्हय, असंच झालं. पाठवा." सासूबाई उठून आत गेल्या.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्याबरोबर मी अब्बांच्या दुकानातल्या रेकॉर्डिंगचे व्हिडिओ जोडले. वाट बघून बघून आशा सोडली, आणि मग एके दिवशी खातं परत मिळालं.

मी आनंदानं तिला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. आता आधी माझी परवानगी काढून टाक."

"अगं, कशाला?"

"माझ्या घरातला लॅपटॉप पुन्हा कोण उघडेल, मला काय माहीत? आणि तू रोज बघत बसशील मी कधी आत शिरले ते."

मी बघते हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, तेही मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी तिचं नाव काढलं.

आता ती पाटणातच कॉम्प्युटरचे क्लास घेते. सणावाराला आमचा फोन होतो, पोराबाळांचं बोलणं होतं. मध्येच ती विचारते, "ॲप कसं चाललंय गं?"

"बरं चाललंय," मी म्हणते, आणि त्याच्यापुढं काही सांगत नाही.