जातो म्हटलं की जाणारं नेट

सन २००५. माझं वय सदुसष्ट. भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलोय, आजही हसतो. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून म्हाताऱ्याला काहीही पटवता येतं असं कोणी समजू नये. उलट मला पटवणं फार अवघड, असं आमची ही सांगायची. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हडपसरला आमचं स्वतःचं घर — खाली दोन खोल्या, वर गच्ची. मी कारखान्यातून रिटायर. मुलगा सतीश कॉम्प्युटरवाला. ऑफिस खराडीला, पण दुपारनंतरचं काम घरून; हेडफोन लावून इंग्लंडातल्या साहेबांशी बोलायचं. त्यासाठी केबलवाल्याकडून नेट घेतलेलं. टीव्हीच्याच वायरीतून यायचं. दाराजवळच्या फळीवर मोडेम नावाचा डबा, त्याला हिरवे दिवे. शेवटचा दिवा लुकलुकायला लागला की आतून सतीश ओरडायचा, "गेलं!"

आणि ते नेमकं मी दुपारी पारावर बसायला निघालो की जायचं. सूनबाईंनी हे पकडलं.

"बाबा, तुम्ही बाहेर पडलात की नेट जातं बघा."

"मी काय खिशात घालून नेतो का?"

केबलवाला आला. वायरीची टोकं नवी केली. टीव्ही आणि नेटसाठी वायर दुभागणारा स्प्लिटर काढून टाकला. मोडेम बदलला, खांबापासून नवी वायर ओढली. मीटर लावून म्हणाला, "काका, सिग्नल इतका झकास आहे की मलाच घरी न्यावासा वाटतोय."

त्याच दुपारी पुन्हा — "गेलं!"

दार आपटतं म्हणून दाराला रबर लावलं. माझा पाय लागतो म्हणून वायर छताजवळून नेली. माझा पाय! चाळीस वर्षं मशिनीवर उभा राहिलेला माणूस मी, आणि मला वायर दिसत नाही?

शेवटी एका रात्री सतीश ताटाकडे बघत म्हणाला, "खराडीला भाड्याने फ्लॅट बघितलाय. इथं असंच चाललं तर माझी नोकरी टिकायची नाही. तुम्हीपण चला, बाबा."

"मी माझं घर सोडत नाही."

"मग आम्हाला जावं लागेल."

"जा," मी म्हणालो. आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठलो.

आता एक सांगायला हवं. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं — हे आपल्यात सगळेच पाळतात. आमची ही जरा जास्तच पाळायची. कोणी चुकून 'जातो' म्हणालं तर मागून शर्ट धरायची. "मसणात चाललात का? आत या, बसा, पाणी प्या आणि नीट म्हणा." सतीश तिच्या शिस्तीतला, कधी चुकला नाही. मी मात्र मुद्दाम म्हणायचो. माणूस जातोय तर 'जातो'च म्हणणार. ती गेल्यावरही मी तसंच म्हणत राहिलो. धरणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन थेट फळीपर्यंत आत आलं होतं. मी उंबऱ्यावरून म्हणालो, "जातो रे."

दिवा लुकलुकला. "गेलं!" सतीश.

आणि मग... कसं सांगू. समोरच्या रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, पण आवाज नाही. विहिरीत बुडी मारल्यावर होतं तसं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून ओट्यावर पेला ठेवल्याचा आवाज आला. सूनबाई गच्चीवर होत्या.

मी आत गेलो. ओट्यावर पाण्याने भरलेला पेला. पाणी अजून हलत होतं.

भीती वाटली नाही. चपला काढल्या, बसलो, पाणी प्यालो. कोणीतरी रागावून समोर उभं आहे आणि आता हळूहळू हसायला लागलंय, असं वाटलं. मग उंबऱ्याशी येऊन आयुष्यात पहिल्यांदा आपणहून म्हणालो, "येतो."

दिवा स्थिर झाला.

"आलं!" सतीश आतून ओरडला. "बाबा, आलं!"

सतीश म्हणतो, नवी वायर हळूहळू बसली असेल. केबलवाला म्हणतो, वायर बसत-बिसत नाही, काका. पेला सूनबाईंनी भरून ठेवला असेल म्हणावं, तर त्या नाही म्हणतात. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. नेट पुन्हा तसं गेलं नाही आणि सतीश आजही याच घरात राहतो, एवढं खरं.

पण त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. "एक दिवस चाललं म्हणून काय झालं?" असं पुटपुटत सतीश फ्लॅटचं नक्की करायला निघाला. बूट चढवले आणि घुश्शातच म्हणाला, "जातो."

राहा म्हणणं माझ्या जिभेला कधी जमलं नाही. मी मागून त्याचा शर्ट धरला.

"मसणात चाललायस का? आत ये, बस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. मी ओट्याकडे गेलो आणि पेला भरला.