छत्रीतली वटवाघळं

कारगिलची लढाई चालू होती त्या पावसाळ्यात गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात, वडाखाली, छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. काडी ओवताना तो जीभ दातांत धरायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघायचाही नाही.

एका दुपारी शिखर परत घेतल्याची बातमी आली, आणि आमच्या शहाण्यासुरत्या दुकानदारांनी त्याच वडाच्या फांदीला फटाक्यांची माळ बांधली. वर वटवाघळं झोपलेली. माळ पेटली तशी मोठी वाघळं धुरातून सैरावैरा उडाली आणि त्यांच्या पोटाला बिलगलेली पिल्लं सुटून खाली पडू लागली. लोक चक्क हसत होते.

हा मात्र उघडी छत्री उलटी धरून धावला. छत्रीत पडलेलं पिल्लू तो फडक्यानं उचलायचा आणि दोरीवर टांगलेल्या दुसऱ्या छत्रीच्या काडीला लटकवायचा.

"देशापेक्षा तुला वाघळं मोठी?" एका दुकानदारानं दरडावलं.

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "ही तुमची खोशी, तर तुमचो राग कसो आसतलो?"

दुसरी माळ होती, ती दुकानदारांनी बांधायला घेतली.

छत्रीवाल्यानं माझ्या नुकत्याच दुरुस्त केलेल्या छत्रीसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही. उघडली, उलटी धरली आणि स्वतःच त्या माळेखाली जाऊन उभा राहिलो.