बोटं दुमडा, काका!

हुणसूरच्या कन्नड घरातली भव्या म्हैसूरच्या मराठी घरात सून म्हणून आली, आणि तिच्या बोलण्यावर सगळ्यांनी पहारा बसवला. वाक्य अर्ध्यावर असतानाच कुणीतरी तोंड घालायचं, ‘माझा नाही, माझी!’ झालं! आता चूक सुधारावी की पुढचं बोलणं डोक्यात धरून ठेवावं? एक धरलं की दुसरं सुटायचं, आणि ती गप्प व्हायची. मग हेच लोक म्हणणार, हिला अजून मराठी येत नाही!

सासूबाई, शकुंतलाबाई, तेवढ्या कधी टोकायच्या नाहीत. भव्या त्यांना अत्ते म्हणायची. सून चुकली की अत्ते एक बोट दुमडायच्या. तिचं सांगून संपलं की बोट उघडून विचारायच्या, ‘हे कुठलं गं?’ आणि निवांत विचारलं की भव्या आपली चूक बरोब्बर ओळखायची.

परवा अत्तेंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. घरात समारंभ होता. ‘पुण्याचे पाहुणे आलेत, सूनबाईनं बोलायचं नाही, उगाच शोभा होईल,’ असं चुलत सासरे नागोजीराव बजावून गेले. स्वतःच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि ऐट बघा! भव्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मनात साठलेलं तिला अत्तेंच्याच भाषेत, चार माणसांत सांगायचं होतं. ती उठलीच.

‘माझा आई हुणसूरला आजारी होता, तेव्हा...’

‘माझी! होती!’ नागोजीराव कडाडले.

पाहुण्यांत खसखस पिकली. पुढचं वाक्य भव्याच्या हातून निसटलं. तिनं पुन्हा सुरुवात केली, त्यांनी पुन्हा टोकलं.

‘अय्यो, सुम्निरी काका! गप्प बसा!’ ती ओरडली. ‘अत्तेंसारखी बोटं दुमडा, शेवटी सांगा! मध्ये बोललात तर मी परत पहिल्यापासून सांगणार. जेवण थांबू दे!’

मग भव्या बोलली. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा अत्ते रोज बसनं डबा घेऊन जायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, तिची वेणी घालायच्या. ती अडखळली, धडपडली, पण शेवटपर्यंत गेली.

‘आता सांगा काका, किती झाल्या?’

नागोजीरावांनी घसा खाकरला. ‘असतील तीन.’

‘पाच! पाचही मला ठाऊक आहेत.’

तिनं अत्तेंकडं पाहिलं. म्हातारीचे डोळे भरून आले होते. अत्तेंनी आपली आवळलेली मूठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

‘पाचच. दुसरा हात मोकळा आहे अजून. तू बोल गं!’