उसनी आई

आमच्या भाषण क्लबात एक सर होते. होते म्हणजे अजून आहेत, जळगावातच आहेत, धडधाकट आहेत, फक्त गुरुवारी संध्याकाळी येत नाहीत. का येत नाहीत असं लोक मला विचारतात आणि मी "कुणास ठाऊक बाई" म्हणते. मला पक्कं ठाऊक आहे.

मी शाळेत शिकवते. साठ पोरांसमोर घसा फाडून बोलते, पण चार मोठी माणसं समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून क्लबात नाव घातलं. एका कोचिंग क्लासच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. एकाने भाषण करायचं, दुसऱ्याने उठून त्याचं मूल्यमापन करायचं, शेवटी चहा. सर आमच्यातले जुने. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेतात, त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्यांना तोंडपाठ.

आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तिच्यावर बोलायला उभी राहिले. बाहेर धो धो चालू होतं, हॉलमध्ये पाच-सहा जण. मी सांगितलं की माझी आई लग्नाकार्यात मांडे करायला जायची. खापर चुलीवर तापलेलं, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत मोठा करायचा आणि त्या खापरावर टाकायचा. वडील लवकर गेले, आम्हा बहिणींना तिने त्या मांड्यांवर वाढवलं. माझ्याच लग्नात मांडे करणारी बाई ऐनवेळी आली नाही. वऱ्हाड दारात. आईने नवीन शालूचा पदर खोचला आणि चुलीपुढे बसली. माझ्यावर अक्षता पडल्या तेव्हा नवरीची आई मांडवात नव्हती. मला ती दिसली ती थेट पाठवणीला, दोन्ही हात भाजलेले, त्यावर तूप लावलेलं. मला जवळ घेऊन तिने एकच विचारलं...

इथेच मी अडले. पुढचं बोलताच येईना. तशीच जाऊन खुर्चीवर बसले.

मूल्यमापन सरांकडे होतं. ते म्हणाले, "ताई, कथा सोन्यासारखी आहे. पण तुम्हाला ती सांगता येत नाही. शेवटचं वाक्यच खाल्लंत तुम्ही." नंतर चहाच्या वेळी माझ्या शेजारी येऊन अगदी मऊ आवाजात विचारलं, "काय म्हणाली होती हो आई?" आणि मी, भोळी सांब, सांगून टाकलं. आईने विचारलं होतं, "मांडे कमी तर नाही ना पडले?"

दिवाळीनंतर धुळ्याला क्लबांची स्पर्धा झाली. मी गेले नव्हते. तिथून आलेल्या एकीने फोनवर व्हिडिओ दाखवला. व्यासपीठावर सर. "माझी आई," ते म्हणत होते, "लग्नाकार्यात मांडे करायला जायची." माझं लग्न आता त्यांच्या बहिणीचं लग्न झालं होतं. खापर तेच, शालू तोच, हातावरचं तूपही तेच. शेवटी थांबले, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "मांडे कमी तर नाही ना पडले?" वरून एक वाक्य पदरचं जोडलं: "आज ती माऊली या जगात नाही." हॉल रडत होता. पहिलं बक्षीस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, गोष्ट तुमची असेल, पण मांडणी त्यांची आहे ना!" मी सरांनाही गाठलं. ते हसले. म्हणाले, "अहो, आई ही सगळ्यांचीच असते." मेल्या, सगळ्यांची असते तर स्वतःची वापर की! पण तेव्हा मला हे सुचलं नाही. नेहमीसारखी जीभ चिकटली. रात्री भांडी घासताना सुचलं, आणि त्या दिवशी भांड्यांचं काही खरं नव्हतं.

माझी आई काही मोठी बाई नव्हती. पेपरात तिचं नाव छापून आलं नाही, घराच्या दारावर पाटी नव्हती. तिचं असं जगात जे उरलं होतं ते एवढंच, ती एक गोष्ट. ती पण ह्याने नेली आणि वर तिच्यावर स्वतःचं नाव लावलं. मला ती परत पाहिजे होती. चारचौघांत, माइकवर, तिच्या नावानिशी.

आता ऐका. सर मूळचे धरणगावचे. धरणगावात माझी आत्या राहते, आणि त्यांचं घर तिच्याच गल्लीत. सरांची माऊली चांगली हिंडतीफिरती आहे. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. घरी कापसाचा व्यापार, अंगणात दोन गाड्या, पिढ्यानपिढ्या स्वयंपाकाला बाई.

जानेवारीत आमच्या क्लबाची कुटुंब संध्याकाळ असते. सगळे घरच्यांना घेऊन येतात, बक्षीस मिळवणारा आपलं भाषण पुन्हा करतो, आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला शेवटी दोन शब्द बोलायला लावतात. कितीही नको म्हणाला तरी सोडत नाहीत. यंदा सूत्रसंचालन मी मागून घेतलं. सरांनी सांगून ठेवलं होतं की घरून कुणी येणार नाही.

मी रविवारी आत्याकडे गेले आणि तिथून अक्कांकडे. "अक्का, तुमच्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं. आईवर बोलले ते. ऐकायला चला." एक अक्षर खोटं बोलले नाही. म्हातारीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "मन्हावर बोलना तो?" तीन वेळा विचारलं. कपाटातून साड्या काढून मला दाखवल्या, कोणती नेसू म्हणून. माझं मन द्रवलं का? थोडं द्रवलं. मग मला व्हिडिओतला तो चष्मा पुसणारा हात आठवला आणि मी म्हटलं, "ही हिरवी नेसा, अक्का."

गुरुवारी मी स्वतः त्यांना धरणगावहून बसने आणि स्टँडवरून रिक्षातून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. सर नेहमीप्रमाणे उशिरा आले. आईला बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. मग माझ्याकडे आले. "मी आज वेळेच्या नियोजनावर बोलतो."

"असं कसं, सर? सगळे आईचंच ऐकायला आलेत." आणि लगेच माइकवर नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्यावर माणूस जाणार कुठे!

बोलले की हो! मला वाटलं होतं फाफलतील. पण त्या जिभेला सवय लागली होती. 'या जगात नाही' तेवढं गाळलं, बाकी सगळं जसंच्या तसं. ठरल्या जागी थांबले, ठरल्या जागी चष्मा काढला आणि खरंच डोळ्यांतून पाणी काढलं. बायका पदराने डोळे टिपत होत्या. अक्का तेवढ्या ताठ बसून लेकाकडे बघत होत्या.

मी माइक घेतला. "आज प्रत्यक्ष ती माऊली आपल्यात आहे. अक्का, दोन शब्द." सरांनी मान हलवून मला नाही-नाही केलं. मी बघितलंच नाही.

अक्का सावकाश वर आल्या. माइक कसा धरायचा ते मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "मन्हा आंडोर चांगला बोलना. पन माले आंडेर नही. एकच पोऱ्या शे, हाऊ." मुलगीच नाही म्हटल्यावर लग्न कुणाचं? मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "आन माले मांडा करता येत नही."

मग हसू थांबलं, कारण त्या थांबल्या होत्या. हिरव्या साडीचा पदर त्यांनी घट्ट धरला होता.

"ह्याना बाप गया तवय हाऊ रडना नही," त्या म्हणाल्या. "माले वाटे, ह्याले रडता येतच नही. आज दुसरानी मायसाठे रडना."

सर खाली बघत होते. कान लाल झालेले. इतके महिने मी हाच चेहरा डोळ्यांसमोर आणून झोपले होते, आणि तो अगदी तसाच होता. मला फार बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटो.

अक्कांनी हॉलवरून नजर फिरवली. "ती माय कोनी शे?"

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. "मन्ही शे, अक्का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी त्यांना का आणलं ते त्यांना तेव्हा कळलं असावं. मग त्यांनी माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, "नाव काय तिनं?"

जीभ चिकटली नाही. मी आईचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांचं नाव आणि आडनाव लावून. मग सरांनी मान वर करेपर्यंत थांबले, आणि त्यांच्याकडे बघून पुन्हा एकदा सांगितलं.